पंचनामा फुकट असतो

(बदलापूर येथे अंबरनाथ आणि उल्हासनगर तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजची बैठक भाताच्या भावावर नाही, विजेच्या बिलावरही नाही. आज पुराविषयी बोलायचे आहे. पण पाण्याविषयी नव्हे. पाणी येते आणि जाते, हे उल्हास नदीच्या काठावर राहणाऱ्यांना आम्ही काय सांगणार? पाणी ओसरल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक माणूस चिखल तुडवत दारात येतो. त्याच्या हातात कागद असतो, तोंडात गोड भाषा असते. आज त्या माणसाविषयी बोलायचे आहे.

26 जुलै 2005 चा दिवस इथे बसलेल्या कोणाला आठवून द्यावा लागत नाही. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तो आकडा जगभर छापून आला. इकडे उल्हास आणि वालधुनी या दोन्ही नद्या एकाच वेळी फुगल्या आणि बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या सखल वस्त्यांत घराघरांत पाणी शिरले. त्यानंतर 27 जुलै 2019. कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ पाण्यात अडकली. हजारावर माणसे गाडीत होती. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आले, हेलिकॉप्टर आले आणि त्यांच्या बरोबरीने आसपासच्या गावांतली आपली पोरे कमरेएवढ्या पाण्यात उतरली. सगळे प्रवासी सुखरूप निघाले. कल्याणहून दुसरी गाडी सोडून त्यांना पुढे पाठवले. कॅमेरेही गेले. त्याच पाण्याखाली ज्यांची भातखाचरे होती ते मात्र तिथेच राहिले. खऱ्या अर्थाने त्यांचा पूर त्या दिवशी सुरू झाला.

पुरात माणूस कशाला मुकतो? भांडी, कपडे, धान्य, जनावर, लावणी केलेले भात. हे दिसते. आणखी एक गोष्ट जाते, ती पंचनाम्यात येत नाही. चार दिवस झोप नाही, घरात चूल नाही, पोरगे तापाने फणफणलेले आहे, कागदपत्रांचा लगदा झालेला आहे. अशा वेळी माणसाचा विचार करण्याचा धीर जातो. एरवी बाजारात काकडीच्या पाटीसाठी व्यापाऱ्याशी तासभर हुज्जत घालणारा आपला शेतकरी त्या दिवशी कोणी म्हटले 'इथे अंगठा कर', की अंगठा करतो. भामट्याचा सगळा धंदा त्या चार-आठ दिवसांवर असतो. त्याला आपण अडाणी असण्याची गरज नसते. आपण थकलेले असलो की त्याचे काम झाले.

तो विकतो काय? नीट पाहिलेत तर लक्षात येईल की बहुतेक वेळा तो आपलेच आपल्याला विकतो. पंचनामा आपला, मदत आपली, यादीतले नाव आपले. त्याच्या मालाची किंमत शून्य असते.

पंचनाम्यापासून सुरुवात करू. पंचनाम्याला पैसे पडत नाहीत. एक रुपयासुद्धा नाही. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक या तिघांनी मिळून तो करायचा असतो. सरकारने अलीकडे तिघांचीही नावे बदलली आहेत. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी आणि कृषी सहायकाला सहायक कृषी अधिकारी. नाव मोठे झाले तरी काम तेच आहे. त्यासाठी त्यांना पगार मिळतो. तरीही दर पुरानंतर कोणीतरी गावात सांगत फिरतो, 'साहेबांना आणायला गाडी करावी लागेल, घरटी दोनशे काढा.' किंवा 'फॉर्म माझ्याकडे आहे, पाचशे द्या, तुमचे नाव वर घालतो.' हा माणूस बाहेरचाच असतो असे नाही. कधी तो आपल्या ओळखीचा असतो, निवडणुकीत आपल्यापुढे हात जोडणारा असतो.

आता हे पाचशे रुपये कशासाठी, याचा हिशेब मांडू. केंद्र सरकारने 2022 ते 2026 या काळासाठी आपत्तीच्या मदतीचे जे दर ठरवले, त्यात 33 टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालेल्या जिरायत पिकाला हेक्टरी 8,500 रुपये होते. बागायतीला 17,000, बहुवार्षिक पिकाला 22,500. मर्यादा दोन हेक्टर. आपल्याकडे दोन हेक्टर कोणाचे आहे? वीस गुंठे भात गेले असे धरा. वीस गुंठे म्हणजे हेक्टरचा पाचवा हिस्सा. मदत येते सतराशे रुपयांच्या आसपास. त्यातले पाचशे आधी दलालाला! ज्या पिकासाठी राब भाजला, चिखलणी केली, माणसे लावून लावणी केली, त्याची सतराशेवर बोळवण होते, हा आपला सरकारशी जुना वाद आहे आणि तो वेगळा भांडू. पण त्या सतराशेतही तिसरा वाटेकरी कशाला बसवता?

आणखी काही दर त्या वेळचे सांगतो, कारण ते कोणी सांगत नाही. शेतात साचलेला गाळ उपसायला हेक्टरी 18,000. नदीने जमीनच खरडून नेली तर अल्पभूधारकाला हेक्टरी 47,000. दुभते मोठे जनावर गेले तर 37,500, बैल गेला तर 32,000, शेळी गेली तर 4,000. गोठा पडला तर 3,000. पक्क्या घराची अंशतः पडझड असेल तर 6,500 आणि कच्च्या घराची असेल तर 4,000. यात राज्य सरकार आपल्या मनाने भर घालते आणि आपल्या मनानेच ती काढून घेते. 2024 च्या सुरुवातीला जिरायतीचा दर 13,600 आणि मर्यादा तीन हेक्टर केली होती. 2025 च्या मे महिन्यात परत 8,500 आणि दोन हेक्टर. मग मराठवाडा पाण्याखाली गेला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर झाले, तेव्हा पुन्हा तीन हेक्टर. वर्षात दोनदा दर हलतो. मुंबईत बसून निर्णय करणाऱ्यांना याचे काही वाटत नसेल, पण गावात याचा परिणाम असा होतो की खरा दर कोणालाच माहीत नसतो. दर माहीत नसला की दलाल सांगेल तो दर. म्हणून पूर येईल त्या वर्षी पहिले काम हे करा. तहसील कचेरीत जाऊन त्या वर्षीचा शासन निर्णय मागा, त्याची झेरॉक्स काढा आणि देवळाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीला चिकटवा. दहा-वीस रुपयांचे काम आहे. दलालाचा निम्मा धंदा तिथेच बसतो.

पंचनामा झाला की त्याची प्रत मागा. प्रत नाही मिळाली तर निदान तुमच्या नावापुढे काय लिहिले ते वाचून घ्या. स्वतःला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाला उभे करा. कोऱ्या पंचनाम्यावर सही करू नका. तिथे 'नुकसान 20 टक्के' असे लिहिले गेले, तर तुमचे सगळे भात सडले असले तरी मदत शून्य. आणि तुमच्या सहीने शून्य!

यादीत नाव नसेल तर ते गावातच, सगळ्यांसमोर बोला. चावडीवर यादी वाचली पाहिजे हा आग्रह धरा. एकेकटे कचेरीत गेलात की एकेकटे कापले जाता.

यादी चारचौघांत का वाचायची, त्याचे उदाहरण फार लांबचे नाही. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी या दोन तालुक्यांत 2022 ते 2024 या काळातल्या अतिवृष्टी आणि गारपिटीच्या अनुदानाची चौकशी झाली. सुमारे 25 कोटी रुपयांच्या अपहाराचा गुन्हा ऑगस्ट 2025 मध्ये दाखल झाला. आरोपींत बहुसंख्य तलाठी होते. ज्यांना जमीन नाही त्यांची नावे यादीत घातली आणि ज्यांना होती त्यांचे क्षेत्र फुगवले, असा आरोप आहे. कोर्टात काय व्हायचे ते होईल. आम्हाला त्यातले एकच सांगायचे आहे. अशा कामाला खाती लागतात, आणि खाती गावातल्या माणसांचीच असतात. कोणी येऊन म्हणतो, 'काका, तुमच्या खात्यावर वीस हजार येतील, दहा तुम्ही ठेवा, दहा मला द्या.' काकांना वाटते, सरकारचा पैसा आहे, आपले काय जाते? जाते काका. चौकशी लागली की पैसा कोणाच्या खात्यात उतरला ते आधी बघतात. तो दहा हजार घेऊन गेलेला असतो आणि वसुली वीस हजारांची तुमच्यावर येते. वर गुन्ह्यात नाव.

एक रुपयात पीक विम्याचेही तसेच झाले. 2023 च्या खरिपापासून योजना आली. शेतकऱ्याने एक रुपया भरायचा आणि अर्ज भरणाऱ्या केंद्राला प्रत्येक अर्जामागे 40 रुपये मिळायचे. अर्ज वाढवण्यात कोणाचा फायदा होता हे सांगायला अर्थशास्त्री नको. 2024 च्या खरिपात सुमारे 4 लाख अर्ज बोगस निघाल्याचे सरकारलाच सांगावे लागले. देवस्थानांच्या जमिनी, सरकारी जमिनी, काही म्हणता काही विम्यात आले. शेवटी 2025 मध्ये एक रुपयाची योजनाच बंद झाली. लबाडी कोणी केली आणि बंद कोणाचे झाले, बघा.

आपल्याकडचाच हा रोग आहे असे मात्र समजू नका. आपल्या 2005 च्या पुरानंतर महिनाभरात अमेरिकेत कत्रिना नावाचे वादळ आले. पुढच्या वर्षी त्यांच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने हिशेब काढला. वादळग्रस्तांना दिलेल्या मदतीतले 60 कोटी ते 140 कोटी डॉलर अपात्र किंवा खोट्या दाव्यांवर गेले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. कोणी खोटे पत्ते दिले होते, कोणी दुसऱ्याचे ओळखक्रमांक वापरले होते. संगणक, बँका, कायदे सगळे असलेल्या देशात हे झाले.

आता अंगठ्याविषयी बोलतो. जुन्या काळी सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा. आता अंगठा छोट्या यंत्रावर घेतात, एवढाच फरक. 2023 पासून आपत्तीचे अनुदान थेट आधारला जोडलेल्या खात्यात जाते. यादीतल्या शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक मिळायचा आणि त्याने आपले सरकार सेवा केंद्रावर जाऊन अंगठा देऊन ओळख पटवायची, अशी पद्धत आली. 2025 पासून शेतकरी ओळख क्रमांकाची, म्हणजे ॲग्रिस्टॅकची भर पडली आणि ज्याच्याकडे तो आहे त्याला ही ओळख पटवण्यातून सूट दिली गेली. तेव्हा ज्यांनी तो अजून काढला नसेल त्यांनी पाऊस लागण्याआधी काढा. पुरानंतर केंद्रावर जी झुंबड उडते, त्या झुंबडीतच हात मारला जातो.

हात कसा मारतात? त्याच अंगठ्याच्या यंत्रावर बँकेतून पैसेही काढता येतात. 'केवायसीसाठी अंगठा द्या' म्हणायचे आणि खात्यातली रक्कम काढून घ्यायची. 'पहिल्यांदा उमटला नाही, परत द्या' असे म्हणून दोनदा अंगठा घेतला की एकदा केवायसी आणि एकदा पैसे. सगळे केंद्रचालक असे नसतात. पुष्कळ पोरे प्रामाणिकपणे रात्री दहापर्यंत बसून गावाची कामे करतात, हे आम्ही पाहिले आहे. पण पावती मागायला लाजू नका. प्रामाणिक माणसाला पावती द्यायला राग येत नाही. दारात यंत्र घेऊन येणाऱ्या अनोळखी माणसाला मात्र अंगठा द्यायचाच नाही. त्याने गळ्यात पट्टा घातलेला असो, नाहीतर गाडीवर बोर्ड लावलेला असो. मोबाइल वापरणारी पोरेबाळे घरात असतील तर त्यांच्याकडून आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करून घ्या. ते फुकट होते आणि लागेल तेव्हा उघडता येते.

मोबाइलवर 'नुकसानभरपाई यादी' किंवा 'पीएम किसान' अशा नावाची फाइल येते. नावाच्या शेवटी एपीके असे असते. ती यादी नसते. ती उघडली की तुमच्या मोबाइलची चावी त्याच्या हातात जाते. ती बहुतेक वेळा ओळखीच्याच नंबरावरून येते, कारण त्याचा मोबाइल आधी लुटलेला असतो. उघडू नका, पुढे तर मुळीच पाठवू नका. कोणी म्हणाला, 'पैसे पाठवतो, हा चौकोन स्कॅन करा आणि पिन टाका', तर समजा तो पैसे घ्यायला आला आहे. पैसे घेताना पिन लागत नाही. पिन लागतो तो देताना.

पुरात वीज जाते. दोन-चार दिवस अंधार असतो. तेवढ्यात निरोप येतो, 'मागचे बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला कनेक्शन तोडू, या नंबरावर फोन करा.' आधीच अंधारात बसलेल्या माणसाला हे खरे वाटते. महावितरणने किती वेळा सांगितले आहे की त्यांचे कर्मचारी खासगी मोबाइलवरून असे निरोप पाठवत नाहीत. शंका असेल तर 1912 ला विचारा. निरोपात दिलेल्या नंबराला विचारू नका. चोराला चोरीबद्दल विचारून काय उपयोग?

उल्हासनगर, अंबरनाथच्या चाळींत राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांनाही यातले पुष्कळ लागू आहे. आपली अर्धी घरे तिकडे कारखान्यांत आणि दुकानांत कामाला आहेत. वालधुनीच्या काठाला दुकानदाराचा मालही भिजतो आणि त्याच्या कामगाराचा संसारही. पाणी उतरले की टेम्पो घेऊन माणसे फिरतात. 'फ्रीज, टीव्ही, मोटर दुरुस्त करून आणून देतो, निम्मे पैसे आगाऊ.' टेम्पो गेला की गेला. आमच्यातल्या एकाच्या घरून 2019 च्या पुरानंतर विहिरीवरची मोटर अशीच गेली. मोटर गेली त्याचे त्याला इतके वाटले नाही. टेम्पोत ती चढवायला आपणच हात लावला, हे तो अजून सांगतो. त्याच पुरात बुडालेल्या गाड्या आणि यंत्रे धुऊनपुसून दोन महिन्यांनी स्वस्तात विकायला येतात, तेही ध्यानात ठेवा. गाडीच्या सीटखाली हात घालून पाहा, गाळ बोलतो. विमा असेल तर सर्व्हेयरला पैसे देऊ नका, त्याची फी कंपनी भरते. तो येईपर्यंत भिजलेला माल टाकू नका. टाकावाच लागला तर आधी फोटो काढा.

मदतीच्या नावाने वर्गणी मागणारेही याच वेळी निघतात. मार्च 2020 मध्ये, करोनाच्या सुरुवातीला, पीएम केअर्सच्या खात्याच्या नावातले एकच अक्षर गाळून, 'पीएमकेअर्स'चे 'पीएमकेअर' करून खोटे खाते चालवल्याचे दिल्ली पोलिसांनी पकडले. देणाऱ्याची नियत चांगली, पण पैसा भलत्याच्या घरी. द्यायचेच असेल तर आपल्या नदीकाठच्या शेजाऱ्याला द्या. तो कोण ते तुम्हाला माहीत आहे.

आता आम्हाला सगळ्यात जास्त ज्याची भीती वाटते ते सांगतो. मोटर गेली तर दोन वर्षांत दुसरी घेता येईल. जमीन गेली तर परत येत नाही. बदलापूरच्या आसपास गुंठ्याचा भाव काय झाला आहे ते तुम्ही जाणता. पूर आला की जमिनीचे दलाल फिरायला लागतात. 'तुमची जमीन पूररेषेत गेली, आता तिथे काही होत नाही, सरकार शेतीही करू देणार नाही, मिळतात तेवढे घ्या.' उल्हासच्या पूररेषेवरून आपल्याकडे आधीच वाद झाले आहेत, त्यामुळे हे बोलणे पटकन पटते. पूररेषा म्हणजे काय ते समजून घ्या. 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर जातो ती निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर जातो ती लाल रेषा. बंधने बांधकामावर असतात. शेती करायला पूररेषा आड येत नाही. आणि खरोखरच तिथे काही होत नसेल, तर हा गृहस्थ ती जमीन कशाला विकत घेतो आहे? हा प्रश्न त्याला तोंडावर विचारा आणि काय उत्तर देतो ते ऐका.

दुसरी युक्ती सह्यांची. 'भरपाईच्या कामासाठी तुमच्या वतीने मी धावपळ करतो, फक्त एक कुलमुखत्यारपत्र करून द्या.' भावांनो, नुकसानभरपाईच्या कोणत्याही कामासाठी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जावे लागत नाही. तुम्हाला कोणी गाडीत बसवून तिथे नेऊ लागला, फोटो काढायला खुर्चीत बसवू लागला, तर तिथून उठा. सातबारा मोबाइलवर फुकट पाहता येतो, डिजिटल सहीचा 15 रुपयांत निघतो. दर महिन्याला एकदा बघा. फेरफाराची नोंद पडली तर हरकत घ्यायला 15 दिवस असतात. 'आपली चावडी'वर नोटीस लागते. ती नोटीस आपल्या गावात कोण बघतो? कोणीच नाही. हे आजपासून कोणीतरी बघायला हवे.

तिसरी युक्ती जुनीच, सावकाराची. लावणी वाहून गेली, परत आवण आणायचे, मजुरी द्यायची, हातात पैसा नाही. महाराष्ट्रात 2014 पासून सावकारीचा कायदा आहे. परवाना नसलेली सावकारी गुन्हा आहे आणि कोऱ्या कागदावर सही घेणे हाही गुन्हा आहे. परवानाधारकालासुद्धा शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला 9 टक्के आणि बिनतारण 12 टक्के एवढ्याच व्याजाची परवानगी दिली होती. महिन्याला पाच टक्के घेणारा किती पट घेतो, बोटावर मोजा. कर्जाच्या नावाखाली सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर 15 वर्षांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करता येते. जमीन परत मिळाल्याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत.

आणि पाड्यांवरच्या आपल्या कातकरी भावांचे काय? त्यांच्या नावावर सातबारा नाही, म्हणून त्यांच्याकडे जमिनीचा दलाल जात नाही. त्यांच्याकडे वीटभट्टीचा मुकादम जातो. झोपडीत पाणी शिरले, तांदूळ भिजला, गणपती तोंडावर आलेले. तो पाच-दहा हजारांची उचल देतो. दिवाळीनंतर पूर्ण कुटुंब भट्टीवर. पावसाळा लागेपर्यंत काम करूनही हिशेबात उचल फिटलेली नसते. ही फसवणूक आहे असे कोणी म्हणत नाही, कारण ती दर वर्षी होते. 1976 च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली आणि अशा उचलीचे कर्जही रद्द झाले. पण तो कायदा पाड्यावर पोचलेला नाही. झोपडी गेली तर तिचीही मदत आहे, ती 8,000 रुपये धरलेली होती. कपडे आणि भांडी यांचीही वेगळी होती. पंचनामा करणारा पाड्यापर्यंत जातो की गावातल्या ओटीवर बसूनच यादी करतो, हे आपण बघायचे. आपण गावातले लोकही तिथे कमी पडतो, हे कबूल करायला हवे.

अफवांचे एक सांगून पुढे जातो. 28 जुलै 2005 च्या रात्री मुंबईत जुहूच्या नेहरूनगर झोपडपट्टीत धरण फुटल्याची अफवा उठली. चेंगराचेंगरीत अठरा माणसे मेली. पाण्याने नाही, अफवेने. आपल्या डोक्यावर बारवी धरण आहे, त्यामुळे असा निरोप आला की आपल्याही पोटात गोळा येतो. लोक घरे उघडी टाकून पळतात आणि मागे चोरांना मोकळे रान मिळते. 1077 हा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा फोन. आधी तिथे विचारा, मग पळा.

फसवणूक झालीच तर? लाज वाटते, म्हणून माणूस गप्प बसतो. बायकोलासुद्धा सांगत नाही. भामट्याला हीच शांतता हवी असते. बँकेतून पैसे गेले तर 1930 ला ताबडतोब फोन करा. दोन तासांत केला तर रक्कम अडवता येण्याची आशा असते, दोन दिवसांनी फार कमी. सरकारी माणसाने पैसे मागितले तर लाचलुचपत खात्याचा नंबर 1064. नाइलाजाने द्यावे लागले असतील तर सात दिवसांत कळवा, म्हणजे देणाऱ्यावर बालंट येत नाही, अशी तरतूद 2018 पासून कायद्यात आहे.

आता कामाचे. प्रत्येक गावाने आणि पाड्याने दोन माणसे ठरवावीत. त्यातली एक बाई असावी, कारण पाणी शिरते तेव्हा घरात काय होते आणि काय गेले हे तिलाच अचूक सांगता येते. त्यांनी एक शंभर पानी वही करावी. पहिल्या पानावर हे फोन लिहावेत. पुढे एकेका घराला एक पान. घरात माणसे किती, जनावरे किती, भात किती गुंठे, खाते कोणत्या बँकेत. आधारचा आणि खात्याचा नंबर वहीत लिहायचा नाही, वही हरवली तर नवीन घोटाळा. पूर आला की त्याच पानावर तारीख घालून काय गेले ते लिहायचे आणि खाली घरच्या माणसाची सही. जमतील तेवढे फोटो काढायचे. पंचनाम्याला माणसे येतील तेव्हा ही वही त्यांच्यापुढे ठेवायची. कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवायची, हेही या दोघांनी घरोघर सांगायचे.

पुढची बैठक मृग लागण्याआधी घेऊ. त्या दिवशी वह्या घेऊन या. ज्या गावाची वही येणार नाही, त्या गावाला आमच्यातले दोघे जण जाऊन बसतील आणि वही तिथेच लिहून घेतील. चामटोली, वांगणीकडच्या मंडळींनी आज निघण्याआधी नावे द्यावीत. तुमच्याकडे पाणी सगळ्यात आधी येते.